गिदोन मास्तरांचा वाकडा दात

गिदोन अमोलिक यांचा वरचा, उजवीकडचा पुढचा दात सातव्या वर्षी आला तो वाकडाच आला. शेजारच्या दातापेक्षा दीडेक मिलिमीटर पुढे आणि किंचित वळलेला. आईने काही महिने रोज अंगठ्याने दाबून पाहिला. दाताने ऐकलं नाही. तेराव्या वर्षी नगरच्या एका मिशन बोर्डिंगात बँडसाठी मुलं निवडायची होती. बँडमास्तरांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाचा ओठ वर करून पाहिला, बैलबाजारात पाहतात तसा. गिदोनपाशी ते थांबले, त्या दातावर नखाने टकटक केली आणि म्हणाले, "ह्याला पहिलं ट्रंपेट द्या."

कारण त्यांनी सांगितलं नाही. ते कळायला चव्वेचाळीस वर्षं गेली, आणि कळलं तेव्हा तो दात तोंडात राहिला नव्हता.

अमोलिक आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. श्रीरामपुरात रेल्वेलाइनीच्या पलीकडे, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी असलेल्या घरात ते आणि त्यांच्या पत्नी पुष्पावती राहतात. सकाळी ते तीन शाळांत बँड शिकवतात, त्यामुळे गाव त्यांना मास्तर म्हणतं. पण एकतीस वर्षं त्यांचं मुख्य काम एकच राहिलं आहे: 'गोदातरंग' या ऑर्केस्ट्रात पहिलं ट्रंपेट वाजवणं. जुन्या हिंदी गाण्यात गायकाने तोंड उघडण्याआधी जो तुकडा वाजतो, ज्यावरून शेवटच्या रांगेत शेंगा फोडत बसलेला माणूसही गाणं ओळखतो, त्याला वादक पीस म्हणतात. तो पीस पहिल्या ट्रंपेटचा. दुसरं ट्रंपेट खालच्या सुरात साथ धरतं. चूक झाली तर दुसऱ्याची लपते, पहिल्याची लपत नाही.

'गोदातरंग'मध्ये एके काळी बावीस वादक होते. आता अकरा आहेत आणि ते एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतात. चारांपैकी तीन व्हायोलिनं कीबोर्डमध्ये गेली, मग ट्रॉम्बोन गेला. ट्रंपेटं मात्र दोन्ही राहिली, कारण कोपरगावपासून राहुरीपर्यंत कार्यक्रम ठरवायला येणारी माणसं आधी विचारायची, "ते ट्रंपेटवाले मास्तर असतील ना?"

अशा ऑर्केस्ट्रात कोणाचं काय दुखतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. क्लॅरोनेटवाल्याचा खालचा ओठ स्वतःच्याच दातांनी आतून कापला जातो. तो कार्यक्रमाआधी बिडीच्या बंडलाचा पातळ कागद घडी करून खालच्या दातांवर बसवतो. व्हायोलिनवाल्याचा जबडा जेवताना कटकट वाजतो. सॅक्सोफोनवाला गेली कित्येक वर्षं भाकरी डाव्या बाजूनेच चावतो. मालकाला यातलं काहीही सांगायचं नाही, हा न लिहिलेला नियम. एकदा एका क्लॅरोनेटवाल्याने "ओठ सुजलाय, दोन आठवडे जमणार नाही" असं खरं सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात तो आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर औरंगाबादचा एक जण बसला होता आणि तो पुढे नऊ वर्षं तिथेच बसला.

अमोलिक यांचं दुखणं सहा-सात वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी वरच्या ओठाखाली, मग डोळ्याखालच्या हाडात, मग कानापर्यंत. लग्नसराईत वाढायचं, पावसाळ्यात उतरायचं. त्यावर त्यांनी सगळ्या ट्रंपेटवाल्यांना माहीत असलेला उपाय केला. कार्यक्रमाआधी लवंगाच्या तेलात भिजवलेला कापूस ओठ आणि हिरडीच्या मध्ये पाच मिनिटं धरायचा. हिरडी बधिर व्हायची आणि दोन तास निघून जायचे.

यातली चूक साधी होती. ट्रंपेटवाला दमला की फुंक कमी पडते. सूर चढवण्यासाठी तो वाद्य ओठांवर दाबतो. ओठ दुखतो म्हणून हात थांबतो. बधिर ओठ दुखत नाही, म्हणून हात थांबत नाही. दाब ओठातून दातावर जातो आणि दातातून हाडात. तेलाच्या सहा हंगामांत अमोलिक यांनी किती दाबलं हे त्यांना स्वतःलाही कळलं नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत, नेवाशातल्या एका संध्याकाळच्या कार्यक्रमात, पहिल्याच पिसात तो वाकडा दात हलला. आत गेला आणि परत जागेवर आला. त्यांनी गाणं पुरं केलं, कार्यक्रमही पुरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओठ नाकापर्यंत सुजला होता.

श्रीरामपुरातल्या डॉ. आरती घुले यांच्या दवाखान्यात त्या दिवशीचा संवाद थोडकाच झाला.

"काम काय करता काका?"

"शिकवतो."

"शाळेत?"

"व्हय, शाळेत."

"मग बोलताना पुढचे दात दिसणार. चांगले करून देऊ."

ट्रंपेटचा शब्द अमोलिक यांनी काढला नाही. मालकाची बहीण याच दवाखान्यात येते हे त्यांना माहीत होतं, आणि श्रीरामपूर काही एवढं मोठं नाही. दाताच्या मुळाशी पू झाला होता, भोवतीचं हाड झिजलं होतं. डॉक्टरांनी दात काढला. जखम भरायला तीन महिने लागतील, मग शेजारच्या दोन दातांचा आधार घेऊन फिक्स दात बसवू, असं सांगितलं. अमोलिक यांनी मालकाला टायफॉइड झाल्याचा निरोप पाठवला.

मे महिन्यात दात बसले. सरळ, एकसारखे, शेजारच्या दातांच्या रंगाशी तंतोतंत जुळणारे. पुष्पावती बराच वेळ पाहत राहिल्या.

"अमोलिकांच्या सात पिढ्यांत एवढे सरळ दात कोणाला नव्हते," त्या म्हणाल्या. "आता चर्चमध्ये जरा हसत जा. लोकांना वाटतं, मीच तुम्हाला दाबून ठेवलंय."

त्याच संध्याकाळी अमोलिक यांनी पडवीत ट्रंपेट तोंडाला लावलं. आतून नुसती हवा आली.

पहिले काही दिवस असं होणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. चार महिने वाद्य बंद होतं, ओठ सैल पडले असतील. ते रोज तासभर बसले. पंधरा दिवसांनी मधले चार सूर लागले, वरचे लागेनात. त्यांनी दाबलं. गाल दुखायला लागला, तेल लावलं, पुन्हा दाबलं. जून असाच गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात 'गोदातरंग'चे मालक कल्याण बोर्डे घरी आले. कल्याण चाळिशीचे आहेत, ऑर्केस्ट्रा वडिलांकडून त्यांच्याकडे आला. अमोलिक यांना ते लहानपणापासून काका म्हणतात.

"काका, टायफॉइड सहा महिने नसतो," ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

"अशक्तपणा हाय अजून."

"काकू, हे खरं आहे?"

 पुष्पावती बशी उचलून आत गेल्या.

"मी भांडायला नाही आलो," कल्याण म्हणाले. "सगळी लग्नसराई नॅन्सीने एकटीने पहिलं ट्रंपेट ओढलं. दुसरं मी कीबोर्डवरून वाजवून घेतलं. ट्रंपेटचा आवाज आता बटनात आला आहे, काका. मला तो आवडत नाही. पण बटन आजारी पडत नाही."

मग त्यांनी मुदत सांगितली. तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो. पहिला कार्यक्रम कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत, तिथल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा. तिथे अमोलिक यांनी कार्यक्रमातले ट्रंपेटचे सगळे पीस वाजवायचे. एक जरी सुटला तर त्यांची खुर्ची कायमची बटनाकडे. कल्याण यांनी हे आवाज न चढवता सांगितलं आणि निघताना वाकून नमस्कारही केला.

नॅन्सी दुशिंग आली ती त्यानंतर चार दिवसांनी. चौतिशीची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत असताना अमोलिक यांच्याच हाताखाली ट्रंपेट शिकली आणि नऊ वर्षं त्यांच्या शेजारी उभी राहून दुसरं ट्रंपेट वाजवते. ती फाटकातून आत आली तेव्हा मास्तर पाठमोरे बसून वाजवत होते. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

"सर, हे तुम्ही वाजवताय?"

"न्हाई. पाइप साफ करतोय."

"पाइप साफच आहे सर. इकडे वळा. दात दाखवा."

"तू काय डॉक्टर हाईस?"

"दाखवा तर."

त्यांनी ओठ वर केला. नॅन्सीने पाहिलं आणि तिला हसू आलं. "सिनेमातल्या हिरोसारखे दात बसवलेत की! डॉक्टरांना ट्रंपेट दाखवलं होतं?"

"ती दाताची डॉक्टर. तिला ट्रंपेटचं काय कळणार?"

"नाही कळणार. पण तुम्ही वाजवता हे तर कळेल."

अमोलिक रुमालाने ट्रंपेट पुसू लागले. नॅन्सीचं हसू गेलं.

"सर, तुम्ही सांगितलंच नाही?"

"सांगून काय, गावभर करायचं?"

"गावभर झालंय. कल्याणदादाला टायफॉइड कोणता ते फेब्रुवारीतच कळलं होतं. ते तुम्ही सांगायची वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी अमोलिक कापडी पिशवीत ट्रंपेट घालून दवाखान्यात गेले. खुर्चीवर बसले आणि पिशवीतून ते बाहेर काढलं. डॉ. आरती आधी ट्रंपेटकडे आणि मग त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"काका, तुम्ही म्हणाला होतात शाळेत शिकवता."

"हेच शिकवतो."

"हे मला तेव्हा का नाही सांगितलं? आधारासाठी दोन चांगले दात मी घासले तुमचे. ते आता परत येत नाहीत." त्या खरोखर चिडल्या होत्या. बाहेर बसलेले रुग्ण दारातून डोकावू लागले. "वाजवा. आता, इथेच. मला बघायचंय."

त्यांनी वाजवलं. डॉक्टरांनी आरसा बाजूने धरून माउथपीसची, म्हणजे ट्रंपेटच्या ओठांवर टेकणाऱ्या वाटीची, कड कुठे टेकते ते पाहिलं, तीनदा पाहिलं. मग जे सांगितलं ते असं: जुना दात पुढे होता, त्यामुळे माउथपीसची कड त्या एका टोकावर टेकायची. बाजूला जी सापट राहायची, तिच्यासमोर ओठ मोकळा असायचा आणि तिथेच सूर तयार व्हायचा. नव्या दातांनी ती सापट बुजवली. आता ओठ दोन्ही बाजूंनी भिंतीवर दाबला जातो.

"मी भिंत बांधली," त्या म्हणाल्या. "चांगली बांधली, पण भिंत."

बोर्डिंगातल्या बँडमास्तरांनी नखाने टकटक का केली होती, हे अमोलिक यांना तेव्हा कळलं.

डॉ. आरती यांनी त्यांच्या शिक्षकांना फोन केला, दोन दिवस वाचन केलं आणि त्यांना परत बोलावलं. त्यांनी हातचं राखून काही सांगितलं नाही. दात पुन्हा करता येईल, मात्र जुना दात नेमका कसा होता ते कोणालाच माहीत नाही, त्यामुळे तात्पुरते प्लास्टिकचे दात बसवून, वाजवून पाहत पाहतच तो शोधावा लागेल. किती वेळा, सांगता येत नाही. जमेलच असंही नाही. आणि दोन अटी. लवंगाचं तेल बंद. वाजवताना दुखलं की त्या क्षणी ट्रंपेट खाली.

"पीस अर्धा असला तरी?"

"अर्धा असला तरी. तेल लावलं की दुखायचं थांबतं काका, दाबायचं थांबत नाही. हाड झिजवलंत ते असंच."

दात बनवणारे हनुमंत काळे यांची प्रयोगशाळा बाजारामागच्या बोळात, दगडाबाईंच्या पिठाच्या गिरणीला लागून आहे. दात काढण्याआधी घेतलेलं तोंडाचं माप त्यांच्याकडे असेल अशी आशा होती. ते त्यांनी कधीच फेकून दिलं होतं. मग घरात फोटो शोधले. एकतीस वर्षांत अमोलिक यांचे शेकडो फोटो निघाले होते. एकतर ट्रंपेट तोंडाला होतं, नाहीतर त्या दाताच्या लाजेने तोंड घट्ट मिटलेलं. दात दिसेल असा एकही फोटो सापडला नाही.

"फोटो कशाला पाहिजे? मी हाय ना," पुष्पावती म्हणाल्या आणि प्रयोगशाळेत जाऊन हनुमंतसमोर स्टुलावर बसल्या. हनुमंत मेणाचा दात हाताने सरकवत होते.

"अजून बाहेर. अजून. आता जरा त्या अंगाला फिरवा."

"ताई, बावीस वर्षं मी वाकडे दात सरळ करून देतोय. सरळ दात वाकडा करून मागणारं गिऱ्हाईक हे पहिलंच. लोकं बघतील आन् म्हनतील, हनुमंतला दिसंनासं झालं."

"तुमचं नाव सांगणार न्हाई आमी. अजून जरा बाहेर."

तो पहिला प्रयत्न. तो फसला, दात पुष्पावतींना पटला, ट्रंपेटला पटला नाही. ऑक्टोबरपर्यंत असे एकूण अकरा प्रयत्न झाले. पद्धत ठरून गेली. डॉक्टर दवाखान्यात तात्पुरते दात बसवायच्या. अमोलिक तिथून चालत बोळात यायचे, हनुमंतच्या दारात उभे राहून वाजवायचे. खालून वर एकेक सूर, प्रत्येक सूर दहा आकडे मोजेपर्यंत. दहा मिनिटं वाजवणं, दहा मिनिटं विश्रांती. शेजारी दगडाबाईंच्या गिरणीत डबे घेऊन बसलेल्या बायका हे सगळं ऐकायच्या.

"मास्तर, तुमच्या त्या फुसफुशीनं मला सारखं वाटतं, गिरणीचा पट्टा सुटला," दगडाबाई ओरडायच्या. "दोनदा बंद करून बघितली मी गिरण!"

"सूर लागला की सांगतो बाई."

"सांगायला कशाला पाहिजे? मला कळंल की!"

अमोलिक यांनी या काळासाठी एक शंभरपानी वही केली होती. प्रत्येक प्रयत्नाला तारीख, कोणता सूर लागला, किती मिनिटांनी दुखलं, कुठे दुखलं. नोंदी तार केल्यासारख्या आहेत. 'चौथा. मधला सा चांगला. वरचा ग नाही. सात मिनिटं. डावा गाल.' 'सहावा. वरचा ग आला. कड टोचते. चार मिनिटं. थांबलो.' थांबलो हा शब्द त्या वहीत सदतीस वेळा आहे. ज्या माणसाने सहा हंगाम दुखणं तेलाखाली दाबून ठेवलं, त्याने साडेतीन महिने दुखणं मिनिटांत मोजलं आणि प्रत्येक वेळी वाद्य खाली ठेवलं. डॉ. आरती सांगतात, वहीमुळे काम निम्म्याने सोपं झालं. 'कड टोचते, उजवीकडे, खालून' एवढं वाचलं की हनुमंतला कुठे घासायचं ते कळायचं.

हनुमंतनाही नाद लागला. सातव्या प्रयत्नापासून ते स्वतः माउथपीस मागून घ्यायचे, दिव्यासमोर धरून दाताच्या साच्यावर टेकवून बघायचे. नवव्या वेळी ते अमोलिक वाजवत असताना दारात येऊन उभे राहिले. वरचा पंचम लागला आणि दहा आकडे टिकला. गिरणीतून दगडाबाई बाहेर आल्या, पदराने हातावरचं पीठ झटकत.

"आज न्हाई सुटला पट्टा," त्या म्हणाल्या.

शेवटचे दोन प्रयत्न फक्त किती वेळ दुखत नाही हे पाहण्यात गेले. हिशोब स्पष्ट होता. सगळे सूर आले, पूर्वीपेक्षा किंचित बारीक, पण स्वच्छ. मात्र जोरकस सहा गाण्यांएवढं वाजवून झालं की डोळ्याखाली कळ यायची, आणि मग रात्र गेल्याशिवाय ती उतरायची नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस कायमचे दात बसले, पुढचा दीड मिलिमीटर पुढे, किंचित वळलेला. डॉ. आरती म्हणाल्या, "आधाराचे दात पन्नास वर्षांचे आहेत, काका. हे तुम्हाला किती वर्षं पुरतील ते मी नाही ठरवत. तुम्ही किती दाबता त्यावर आहे."

कोपरगावकडच्या त्या कार्यक्रमात ट्रंपेटची गाणी नऊ होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या मैदानावर कार्यक्रम सुरू झाला. कारखान्याचा हंगाम नुकताच लागला होता; मळीचा वास मैदानापर्यंत येत होता आणि रस्त्याने उसाच्या गाड्या जात होत्या. दोनेक हजार माणूस होतं. कीबोर्डवाल्याने ट्रंपेटचं बटन तयार ठेवलं होतं आणि ते त्याने अमोलिक यांना दाखवूनही ठेवलं. "राग नको मास्तर, मालकांनी सांगितलंय."

"राग कसला? तुझं तू कर."

पहिला पीस निघाला तेव्हा मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. दुसरं, तिसरं, चौथं गाणं व्यवस्थित झालं. सहाव्या गाण्यानंतर निवेदकाने ट्रंपेटवाल्या मास्तरांचं नाव घेऊन टाळ्या मागितल्या. सातव्या गाण्यातला शेवटचा पीस संपता संपता डोळ्याखाली कळ आली.

आठवं गाणं 'गोदातरंग'चं ओळखीचं होतं. त्याच्या सुरुवातीला ट्रंपेटचा जवळपास पाऊण मिनिटाचा पीस आहे, शेवटी वरच्या पंचमावर जाऊन थांबणारा. एकतीस वर्षं तो अमोलिक यांनीच वाजवला होता. मागे कल्याण कीबोर्डच्या बाजूला उभे होते. दाबलं असतं तर पीस निघाला असता. तेवढी ताकद अजून होती. दात किती दिवस राहिले असते हा वेगळा प्रश्न.

सातवं गाणं संपलं. टाळ्या चालू असताना अमोलिक यांनी एक पाऊल मागे घेतलं आणि नॅन्सीला मानेनेच पुढे व्हायची खूण केली.

"सर?"

"घे."

"आत्ता? हा पीस?"

"पाठ हाय तुला. माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलाय तू. घे."

नॅन्सी पुढे सरकली. पीस तिने वाजवला, पंचमापर्यंत. अमोलिक तिच्या मागे, खालच्या सुरात, अजिबात न दाबता दुसरं ट्रंपेट वाजवत राहिले. आठवं गाणं तसं झालं आणि नववंही. मैदानावर कोणाला फरक कळला नाही. कल्याणना कळला.

साडेआठला कार्यक्रम संपला. माणसं पांगत होती. साउंडवाला वायरी गुंडाळत असताना कल्याण स्टेजच्या पायरीपाशी आले.

"काका, ठरलं काय होतं?"

"पीस सुटला का एखादा?"

"नाही."

"बटन दाबावं लागलं?"

"नाही. पण दोन नॅन्सीने वाजवले. मग ती पहिलं ट्रंपेट होऊ दे. दुसऱ्याला माझ्याकडे कीबोर्ड आहे."

नॅन्सी बाजूला ट्रंपेट पुसत होती. तिने मान वर केली, पण बोलले अमोलिक.

"आणि तिचा गाल दुखला की?"

"तिला काय झालंय?"

"विचारलंस कधी? एकटीनं सगळी लग्नसराई ओढली म्हणालास. नॅन्सी, दाखव ह्याला."

नॅन्सीने आधी मानेने नाही म्हटलं. मग ओठ उलटा केला. आतल्या बाजूला माउथपीसच्या कडेचा अर्धा गोल उमटला होता, निळसर आणि मधोमध चिरलेला.

"कधीपासून आहे हे?" कल्याण यांनी विचारलं.

"एप्रिलपासून," नॅन्सी म्हणाली.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने मास्तरांकडे पाहिलं.  कल्याण यांना बहुधा उत्तर लागलंही नाही. मालकाला असं काही का सांगत नाहीत हे त्यांच्या वडिलांपासून त्यांना माहीत असणार.

"नऊ गाणी एकाच तोंडावर टाकलीस म्हणून माझा दात गेला," अमोलिक म्हणाले. "म्हणजे तू न्हाई टाकलीस, मीच घेतली. कुणाला देत नव्हतो. तिचाही घालवायचा असंल तर ठेव तिला एकटीला. न्हाईतर दोघं राहू. पहिलं ट्रंपेट वाटून घेऊ. दुखलं की सांगू, दुसरा वाजवंल. पीस एकही सुटणार न्हाई."

कल्याण काकांकडे वळले.

"एका कार्यक्रमात तुम्ही किती वाजवणार?"

"सहा. सातवं विचारून."

"कोणाला विचारून? मला?"

"गालाला."

कल्याण हसले. खिशातून पुढच्या राहुरीच्या कार्यक्रमाची गाण्यांची यादी काढली, तिथेच पायरीवर बसले आणि ट्रंपेटच्या गाण्यांपुढे नावं घालू लागले. चौथ्या गाण्यापाशी पेन थांबलं.

"हे कोणाचं?"

"तिचं," अमोलिक म्हणाले. "वर जास्त जातं ते."